बाकावरची जागा

शनिवारी संध्याकाळी भुरी गाईनं पेंडीच्या घमेल्यात तोंड घातलं आणि लगेच बाहेर काढलं. तिच्या ओठावरून लाळेची तार सुटली. ती जमिनीला टेकली तरी तुटेना.

सगळं गाव जिला वहिनी म्हणे ती शेजारच्या गाईखाली धारेला बसली होती. तिनं बादली बाजूला सरकवली, उठली आणि भुरीचा कान मुठीत धरला. कान तापला होता.

"अहो, जरा इकडं या."

तिचा नवरा गवताचा भारा खाली टाकून आला. गावात त्याला घुम्या म्हणत. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आटलेल्या गाईची धार काढायची, असं खुद्द त्याची आई म्हणायची. त्यानं भुरीच्या नाकपुड्यांत बोटं घातली, मान वर केली आणि दुसऱ्या हातानं जीभ बाहेर ओढली. जिभेवर पाणी भरलेले फोड होते. एक फुटून त्याचं कातडं लोंबत होतं.

"लाळ्या," तो म्हणाला आणि हात पुसायला गेला.

रविवारी सकाळी वहिनीनं चर्चच्या उपासनेसाठी इस्त्री करून ठेवलेले कपडे खुर्चीच्या पाठीवर तसेच राहिले. जनावरांचा डॉक्टर गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आला. तोवर आणखी दोन गाई पाय झटकायला लागल्या होत्या. डॉक्टरनं खूर उचलून बघितले, तोंडं बघितली आणि बाहेर येऊन हात धुतले.

"लाळ्या-खुरकूतच आहे. फाटकाशी चुना टाका. कुणाचं जनावर इकडं नको, तुमचं बाहेर नको. तोंडं तुरटीच्या पाण्यानं धुवा, खूर या जांभळ्या औषधानं. दूध काढायचं, पण ओतून द्यायचं. काढलं नाही तर कास सुजेल."

"आणि आम्ही?" वहिनीनं विचारलं. "आम्ही बाहेर पडायचं का?"

"कपडे बदलून, हातपाय धुऊन पडता येईल. पण खरं सांगू? गर्दीत जाऊ नका. बुटाला, पदराला चिकटून हा रोग गावभर हिंडतो. चर्चला तर सगळे गोठेवालेच येतात."

टेकाडावरची घंटा वाजायला लागली. डॉक्टर पण जरा थांबला, मग गाडीकडे गेला.

दुपारी कारभारी आला. चर्चचा सगळा कारभार त्याच्याकडे, म्हणून कारभारी. त्यानं मोटारसायकल रस्त्यातच उभी केली, खाली उतरला नाही. तोंडाला रुमाल बांधला होता.

"दादा, हा रोग माणसाला होत नाही," वहिनी फाटकापाशी येऊन म्हणाली.

"ते माहीत आहे गं." त्यानं रुमाल काही काढला नाही. "मंडळीनं ठरवलंय, तुम्ही काही दिवस येऊ नये. उगाच कुणाच्या मनात शंका नको."

"आम्ही आलोच नव्हतो आज."

"तेच सांगतोय. येऊ नका."

"पुढच्या रविवारी प्रभुभोजन आहे ना?"

"पाळकसाहेब बघतील काय ते. आम्ही प्रार्थना करतो तुमच्यासाठी." त्यानं किक मारली. कारभाऱ्याची प्रार्थना गावात प्रसिद्ध होती. तो उभा राहिला की आया लेकरांना मांडीवर निजवून घ्यायच्या. आज मात्र त्यानं रस्त्यावर दोन ओळीसुद्धा म्हटल्या नाहीत.

मोटारसायकलचा आवाज वळणापलीकडे गेला तरी वहिनी तिथंच उभी होती. तिला त्याचं एवढं वाटलं नाही. तिला त्याच्या बायकोचं वाटलं. डावीकडच्या तिसऱ्या बाकावर ती आणि कारभारीण लग्न होऊन आल्यापासून खांद्याला खांदा लावून बसत आल्या होत्या. कारभारणीचा आवाज वरचा, स्वच्छ. वहिनीचा खालचा, जाडसर. कारभारीण चाल धरायची आणि वहिनी तिच्या खालून चालायची. दोघी एकमेकींच्या घरी फारशा जात नसत. बोलायलाही त्यांच्याकडे फार काही नव्हतं. पण गाताना कारभारीण श्वास कुठं घेणार हे वहिनीला तिच्या खांद्यावरून कळायचं.

मग कामाला अंत राहिला नाही. पहाटे उठून तुरटीचं पाणी करायचं. घुम्यानं जबडा उघडून धरायचा, वहिनीनं पिचकारीनं तोंड धुवायचं, मग बोट घालून ग्लिसरीन लावायचं. गाईच्या तोंडाचा कुजका वास तिच्या केसांत बसला. सडांवर फोड आले तेव्हा धार काढणं कसाईपणा वाटायला लागला. गाय कळवळून लाथ झाडायची. एकदा ती लाथ वहिनीच्या मनगटावर बसली आणि मनगट वांग्यासारखं झालं. तरी काढायचं. काढून गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतायचं. पांढरं दूध मातीत जिरताना घुम्या कधी बघत नसे. तो बादली उपडी करायचा तीच मान वळवून.

दूधगाडीवाला रिकामी कॅन त्यांच्या फाटकासमोर न थांबता पुढं न्यायचा. दुकानदार पीठ-मीठ कुंपणाच्या भिंतीवर ठेवून हाक मारायचा आणि ती बाहेर येईपर्यंत निघून गेलेला असायचा. समोरून शेळ्या घेऊन येणारी म्हातारी त्यांचं घर दिसलं की शेळ्या माघारी वळवायची. ती काही चुकीचं करत नव्हती. वहिनीनंही तेच केलं असतं.

"तुला कशाचं एवढं लागलंय?" सासूबाईंनी विचारलं. त्या दारात खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या. गुडघे गेल्यापासून त्यांचं जग त्या खुर्चीपासून पलंगापर्यंत होतं. "मी कुठं जाते चर्चला? किती वर्षं झाली. मी काय देवाला परकी झाले?"

"तसं नाही, आई."

"उलट बरं आहे. भाषण ऐकावं लागत नाही, ढुंगण दुखत नाही. देव येतो माझ्याकडे पलंगावर." मग शेंग सोलता सोलता त्यांचा हात थांबला. "जाता येत होतं तेव्हा कंटाळाच यायचा मला. खरंच सांगते. मागच्या बाकावरून सगळ्यांच्या माना दिसायच्या. कुणाची मान बारीक झाली, कुणाची वाकली. आता कुणाची मान कशी आहे कोण जाणे."

त्या आठवड्यात भुरीचं वासरू गेलं. सकाळी दूध पीत होतं, दुपारी उभ्या उभ्या कोसळलं. डॉक्टर म्हणाला, लहान वासरांचं काळीजच धरतो हा रोग. घुम्यानं कुंपणाच्या कोपऱ्यात खड्डा खणला. जमीन थंडीनं आवळली होती, पहार मारली की ठिणगी उडायची. खड्डा पुरेसा खोल झाल्यावरही तो खणतच राहिला. शेवटी वहिनीनं पहार धरली तेव्हा थांबला.

दुसऱ्या दिवशी रविवार. घंटा वाजली तेव्हा दोघं गोठ्यात होते. घुम्यानं भुरीचा जबडा काखेत आवळला होता. पिचकारी भरायला वहिनी खाली वाकली आणि तिला आवाज ऐकू आला. आधी वाटलं, बाहेर कुणी आलंय.

"देवा," घुम्या म्हणत होता, "हिला एवढा घास खाऊ दे. एकच. पोर गेलं तिचं. आता ही उपाशी मरायला नको." तो थांबला. भुरीची लाळ त्याच्या कोपरावरून गळत होती. "मी काही मागत नसतो तुझ्याकडे. हिच्यासाठी मागतोय."

वहिनी वाकलेलीच राहिली. या माणसाला तिनं कधी प्रार्थना करताना ऐकलं नव्हतं. चर्चमध्ये तो दाराजवळ बसायचा, गीताला ओठही हलवायचा नाही आणि आशीर्वाद झाला की सगळ्यांच्या आधी बाहेर. तो फक्त तिला सोबत म्हणून येतो असं तिला वाटायचं. लोकही तसंच म्हणायचे.

"भर ना," घुम्या म्हणाला. "हात भरून आला माझा."

त्यानंतर दर रविवारी, घंटा झाली की तो गोठ्यात उभा राहून बोलायचा. लांब नाही. पावसाबद्दल, गवताबद्दल, कुठल्या गाईचा कुठला खूर अजून बरा नाही त्याबद्दल. सासूबाईंना दोघं खुर्चीसकट उचलून गोठ्याच्या दारात आणून ठेवत. वहिनी एखादा उतारा वाचायची. त्या वेळी तिला खरंच वाटायचं की देव इथं, शेणाच्या वासात, अगदी शेजारी उभा आहे. चर्चमध्येही इतका जवळ वाटला नव्हता.

पण गायला गेली की घोळ व्हायचा. तिला फक्त खालचा सूर येत होता. चाल तिनं कधी गायलीच नव्हती. एकटीनं म्हटलं की एकाच जागी घुटमळल्यासारखं वाटायचं, मध्येच दोन पायऱ्या खाली, पुन्हा तिथंच.

"हे कसलं गं गाणं?" सासूबाई म्हणाल्या. "कुठं चाललंय तेच कळेना. भुरी तरी बरी हंबरते."

वहिनी हसली. घुम्यासुद्धा हसला. मग ती बादली घेऊन बाहेर गेली आणि लवकर परत आली नाही.

पाळकसाहेब एकदा आले. वयस्कर माणूस, तीन गावांची मंडळी सांभाळायचा, सायकलवर. कुंपणाच्या भिंतीला सायकल टेकवून ते रस्त्यावरच उभे राहिले, टोपी काढली आणि भिंतीवरूनच स्तोत्र वाचलं. वारा पानं उलटत होता. वहिनी अलीकडे उभी होती. घुम्या खुरांचं जांभळं पाणी कालवत होता.

"प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस आणला असता," पाळकसाहेब म्हणाले, "पण इथून मला आणखी दोन गोठ्यांवर जायचंय. आत आलो तर ते लोक मला दारात उभं करणार नाहीत. माफ करा."

"पाळकसाहेब," घुम्या म्हणाला. तो आपणहून बोलला म्हणून पाळकसाहेब दचकलेच. "गोठ्यात केलेली प्रार्थना पोचते ना?"

"पोचते की."

"मग तिकडं येऊन काय वेगळं होतं?"

पाळकसाहेबांनी टोपी हातात फिरवली. "देवाचं विचाराल तर त्याला दोन्हीकडचं ऐकू येतं. मला नाही येत. मी रविवारी वाचता वाचता वर बघतो, तुमच्या जागा दिसतात, आणि माझी ओळ चुकते. गेल्या रविवारी एक अख्खं वचन गाळलं मी. कुणाच्या लक्षातही आलं नाही."

घुम्यानं मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

एका सकाळी भुरीनं घमेल्यात तोंड घातलं आणि बाहेर काढलं नाही. घुम्या तिच्या चावण्याचा आवाज ऐकत उकिडवा बसून राहिला. मग एकेक करून सगळ्यांचे खूर वाळले, नवी कातडी धरली. डॉक्टर आला, बघून गेला, म्हणाला, झालं. आणखी काही दिवस थांबा, मग मोकळे.

ते दिवसही गेले. वहिनी वाट बघत होती. तिला वाटत होतं, ज्यानं येऊ नका म्हणून सांगितलं तोच या म्हणून सांगायला येईल. कारभारी आला नाही. कारभारीणही आली नाही. रविवार आला, घंटा वाजली. वहिनी केस विंचरून, तयार होऊन ओट्यावर बसली आणि तिथंच बसून राहिली.

"जा ना," घुम्या म्हणाला.

"कुणी बोलावलंय?"

"पूर्वी कोण बोलवायचं?"

"तुम्ही येता?"

"मी नाही." तो दाराच्या चौकटीला टेकला. "तिथं मला बोलता येत नाही. सगळे इतकं चांगलं बोलतात. इथं येतं."

"मला इथं गाता येत नाही," वहिनी म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. ती त्या रविवारी गेली नाही. दुपारभर तिनं भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली.

आठवड्यात दूधगाडी पुन्हा त्यांच्या फाटकाशी थांबायला लागली. शनिवारी कॅन चढवता चढवता गाडीवाला म्हणाला, "कळलं का? कारभाऱ्याच्या गोठ्यात रोग शिरलाय. सगळ्या दावणीला. आता तिथलं दूध बंद."

बरं झालं, हे शब्द वहिनीच्या अगदी ओठांवर आले. तिनं ओठ मिटले. पण घरात येऊन पाणी प्यायली तरी ती चव जाईना.

रविवारी सकाळी घुम्यानं पिचकारी, तुरटीचा खडा आणि उरलेलं ग्लिसरीन एका पिशवीत भरलं.

"कुठं?"

"कारभाऱ्याकडं. त्याला जबडा धरता येत नाही. गडी येईना झालेत भीतीनं. आपल्याकडं होऊन गेलंय, आपल्याला आता कसली भीती." बूट घालता घालता तो पुढं म्हणाला, "एकट्याला ते जमत नाही. मला माहीत आहे."

वहिनीनं कपडे बदलले, शाल घेतली. दोघं निघाले. चर्चचा रस्ता कारभाऱ्याच्या घरावरूनच जात होता. कुणी कुणाला काही विचारलं नाही. घुम्या पुढं, ती मागं. गवतावरचं दव दोघांच्या पायांना लागत होतं.

कारभाऱ्याच्या फाटकाशी चुना पसरला होता. कारभारीण आतल्या बाजूला बादली घेऊन उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत जांभळे होते, केस सुटले होते. वहिनीनं तिला रोजच्या कपड्यांत क्वचितच पाहिलं होतं. ती एकदम लहान दिसत होती.

घुम्यानं फाटक उघडलं, चुन्यावरून आत गेला आणि सरळ गोठ्याकडं चालू लागला. कारभारीण त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं वहिनीकडे पाहिलं.

"मी आले नाही तुझ्याकडं," ती म्हणाली.

"नाही आलीस."

"ह्यांनी सांगितलं जाऊ नको. मी पण भ्याले. माझ्या गाई होत्या ना."

वहिनीनं फाटकाच्या आडव्या बांबूवर हात ठेवला. "मी पण येते आत. तोंडं धुवायला दोन माणसं लागतात, तिसरं असलं तर गाय कमी धडपडते."

"नको." कारभारणीनं फाटक आतून धरलं. "आत आलीस तर तिकडं जाता येणार नाही तुला. किती आठवडे गेली नाहीस. जा तू."

टेकाडावरची घंटा सुरू झाली. दोघींनी एकाच वेळी तिकडे मान वळवली.

"जा गं," कारभारीण म्हणाली. तिचा आवाज फुटला. "माझ्या वाटचंही गाऊन ये."

वहिनी पोचली तेव्हा सगळे उभे राहिले होते. ती डावीकडून बाकांच्या कडेनं गेली. चर्च भरलं होतं. बाकांपाशी माणसं दाटीवाटीनं उभी, मागं काही पोरं भिंतीला टेकलेली. तिसऱ्या बाकावर मात्र दोन जागा मोकळ्या होत्या. ती त्यातल्या कडेच्या, आपल्या जागेवर सरकली तशी पलीकडची कुणाची तरी तरुण सून घाईघाईनं कुजबुजली, "तिथं नका, तिथं कारभारीणकाकू कुणाला बसू देत—" आणि मग तिनं वर बघितलं. "अगंबाई, तुम्हीच का."

"कुणाला बसू देत नाहीत?"

"कुणालाच. पाहुण्यांना सुद्धा उठवलं त्यांनी. एवढे आठवडे. भांडण झालं एकदा त्यावरून."

वहिनीनं बाकाचं लाकूड धरलं. तिला खाली बसावंसं वाटत होतं, पण सगळे उभे होते. पेटी सुरू झाली.

शेजारी कुणी नव्हतं. चाल धरणारं कुणी नव्हतं. पुढची माणसं कशीबशी, आपापल्या पट्टीत गायला लागली. वहिनीनं सवयीनं खालचा सूर घेतला, दोन शब्द म्हटले आणि थांबली. मग तिनं मान वर केली आणि कारभारणीची चाल धरली. पहिली ओळ जमली. दुसऱ्या ओळीत चाल वर चढते. तिथं तिचा आवाज चिरकला, पोरं खुसुखुसु हसली. पाळकसाहेबांनी पुस्तकातून वर पाहिलं. तिनं श्वास घेतला आणि पुन्हा वर गेली, पुन्हा चिरकली. मान गरम झाली होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. पण तिनं सोडलं नाही. सगळी कडवी तिनं वरच गायली. एका कडव्याला पलीकडच्या सुनेनंही हळूच वरचा सूर धरला.

गीत संपून सगळे बसताना एक बाई मागच्या गर्दीतून कडेनं पुढं आली आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवून सरकायला लागली. वहिनीनं तिथं शाल ठेवली.

उपासना संपल्यावर ती कुणाशी फारसं न बोलता उतारावरून खाली आली. कारभारीण फाटकाशीच होती. बहुधा घंटेपासून तिथंच ये-जा करत असावी. गोठ्यातून घुम्याचा आवाज येत होता, मध्येमध्ये थांबून, तुटक.

"ऐकतेस का?" कारभारीण म्हणाली. "मगाशी वासराला धरून प्रार्थना केली त्यांनी. आमचे हे बाजूला उभे होते. एक शब्द फुटला नाही ह्यांना. नुसते रडत होते."

वहिनीनं गोठ्याकडं कान दिला.

"सांग ना," कारभारीण फाटकावर वाकली. "कोण कोण होतं?"

वहिनीनं सांगितलं. कोण आलं, कोण आलं नाही, कुणाचा खोकला अजून तसाच आहे, कुणाची मान वाकलीये. कारभारीण प्रत्येक नावाला मान हलवत होती.

"आणि गीत?"

वहिनीनं गीत सांगितलं.

"अरे देवा. ते तर चढाचं. कसं म्हटलंस?"

"चिरकले. दोनदा. पोरं हसली."

कारभारीण हसली आणि जांभळ्या मनगटानं डोळे पुसले, त्यामुळं गालावर जांभळा पट्टा उमटला. मग ती फाटकाच्या बांबूचा सुटलेला काथ्या बोटानं उकलत राहिली. शेवटी खाली बघूनच विचारलं,

"माझ्या जागेवर कोण बसलं होतं?"

"एक आली होती बसायला," वहिनी म्हणाली. "मी बसू दिलं नाही."